चाकांवरच्या घरातील टीव्ही

कुरखेड्याहून एका वाचक भगिनींचे चार पानी पत्र आले आहे. त्यांचे सासरे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. मधुमेह जुना असून दिवसातून दोनदा इन्सुलिन घ्यावे लागते. गेल्या दोन वर्षांपासून विस्मरणही वाढले आहे. घरात ते व्यवस्थित असतात. मात्र परक्या खोलीत मुक्काम पडला की दिवेलागणीला अस्वस्थ होतात, ‘घरी चला’ म्हणून उठून बसतात. धर्मशाळेचे जिने सासूबाईंच्या गुडघ्यांना झेपत नाहीत. तेव्हा मुलाने एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली, आसने काढून दोन पलंग, लहानसा ओटा, इन्सुलिनसाठी बारा व्होल्टचा छोटा फ्रीज आणि दोन पंखे बसविले. या गाडीतून रामटेक, भद्रावती, मुक्तागिरी, कारंजा आणि शिरपूर अशी यात्रा सावकाश करावयाची आहे. रोज गाव नवे असले तरी पलंग तोच राहील, हा त्यांचा विचार मला फार शहाणपणाचा वाटला.

आता प्रश्न टीव्हीचा. सासरे घरी संध्याकाळच्या मराठी बातम्या लागल्या की शांत होतात. बातमी कळते किती हा भाग वेगळा. तो आवाज, ती वेळ आणि समोरचा तो चौकोन त्यांना घराची खूण पटवून देतो. नागपुरातील एका दुकानदाराने त्रेचाळीस इंची स्मार्ट टीव्ही आणि तो चालविण्यासाठी घरगुती इन्व्हर्टर असा जोड सुचविला आहे. ‘घ्यावा का, आणि कसा बसवावा?’ असे त्या विचारतात.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येते: नको. दुसऱ्यासाठी मात्र हे सदर संपूर्ण लागेल.

काही वाचकांना वाटेल की यात्रेच्या गाडीत टीव्ही हवाच कशाला? एरवी माझेही मत तसेच झाले असते. धडधाकट माणसे गाडीतून बाहेर पडून पडद्यासमोर बसणार असतील तर घरीच बसलेले बरे. येथे परिस्थिती वेगळी आहे. आपल्याकडे सूर्यास्तापूर्वी जेवण उरकते, आणि मग परगावी, उभ्या गाडीत, नऊपर्यंतचा वेळ वृद्ध माणसाला फार लांब होतो. त्या दोन-अडीच तासांपुरता हा संच औषधासारखा आहे, आणि औषधासारखाच तो बेताने मोजून घ्यावयाचा आहे.

बॅटरीवर टीव्ही पाहणे ही आपल्या भागाला नवलाची गोष्ट नाही. १९८७ च्या जानेवारीत ‘रामायण’ मालिका सुरू झाली तेव्हा अनेक खेड्यांत वीज नव्हती किंवा नेमकी रविवारी सकाळी जात असे. त्या काळच्या चौदा इंची कृष्णधवल संचांपैकी कित्येकांना मागील बाजूस बारा व्होल्टची जागा असे. ट्रॅक्टरची वा जीपची बॅटरी उतरवून ती जोडली की काम भागे. आणि करमणूक चाकांवरून येण्याचे म्हणाल, तर झाडीपट्टीला ते कोणी शिकवावे! धानाची कापणी झाली की वडशाच्या नाटक कंपन्या पडदे आणि सामान गाड्यांत भरून आजही गावोगाव जातात आणि पहाटेपर्यंत खेळ करतात. फरक एवढाच की त्या जुन्या बॅटरीवर टीव्हीखेरीज दुसरा भार नसे. आपल्या पत्रलेखिकेच्या गाडीत त्याच बॅटरीवर इन्सुलिनचा फ्रीज आहे.

म्हणून टीव्हीची निवड दुकानात पडद्यासमोर उभे राहून करू नये. ती बॅटरीपासून उलट्या दिशेने करावी.

हिशेब मांडून पाहू. गाडीतील बॅटरीची साठवण अँपिअर-तासांत मोजतात. शंभर अँपिअर-तासांची साधी ट्यूब्युलर बॅटरी असेल तर तिच्यातील निम्मीच वीज रोज वापरावी, अन्यथा ती लवकर निकामी होते. म्हणजे हाती पन्नास. बारा व्होल्टचा लहान कॉम्प्रेसर फ्रीज चोवीस तासांत साधारण तीस ते चाळीस खातो. वैशाखातील उन्हात त्याहून अधिक. पंधरा वॉटचे दोन पंखे आठ तास चालले की वीस गेले. दिव्यांना तीन धरा. टीव्ही येण्यापूर्वीच बेरीज त्रेपन्न ते त्रेसष्ट झाली, म्हणजे पन्नासाची मर्यादा ओलांडली.

आता त्रेचाळीस इंची संच आणा. तो साधारण ऐंशी वॉट घेतो. बारा व्होल्टचे दोनशेतीस व्होल्ट करताना इन्व्हर्टर स्वतः दहा-पंधरा वॉट खातो, सेट-टॉप बॉक्सचे दहा निराळे. एकूण शंभराच्या वर, म्हणजे बॅटरीतून जवळजवळ नऊ अँपिअर. अडीच तासांत बावीस अँपिअर-तास गेले. याउलट चोवीस इंची एलईडी संच सुमारे पंचवीस वॉट घेतो. तो थेट बारा व्होल्टवर चालविला तर बॉक्ससह अडीच तासांना सात अँपिअर-तास पुरतात. या दोहोंतील पंधराचा फरक कागदावर किरकोळ दिसतो. फ्रीजच्या भाषेत मात्र तो जवळजवळ अर्ध्या दिवसाचा थंडावा आहे. न उघडलेले इन्सुलिन दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये राहावे लागते. ते गोठूही द्यायचे नाही आणि तापूही द्यायचे नाही. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो हे आपणास सांगावयास नको. पहाटे तीन वाजता फ्रीज बंद पडला तर ते सकाळी चहाच्या वेळी कळते, आणि तोवर किती वेळ गेला हे कोणालाच माहीत नसते.

तेव्हा पहिला खर्च टीव्हीवर न करता बॅटरीवर करावा. गाडी सुरू करण्याची मूळ बॅटरी या कामाला मुळीच वापरू नये. मालेवाड्याच्या किंवा कोरचीच्या रस्त्यावर सकाळी गाडीने दगा दिला तर मिस्त्री येईपर्यंत दिवस जाईल. घरगुती वापरासाठी दुसरी, किमान दीडशे अँपिअर-तासांची बॅटरी घ्यावी. इंजिन चालू असतानाच दोन्ही बॅटऱ्या जोडणारा आणि इंजिन बंद होताच त्या वेगळ्या करणारा रिले मध्ये बसवावा. ट्यूब्युलर बॅटरी भरायला सावकाश असते. भद्रावतीहून चंद्रपूरला जाण्याइतक्या प्रवासात ती भरत नाही, आठ-दहा तास लागतात. छतावर दोनशे वॉटचे सौर पॅनेल बसविल्यास निरभ्र दिवशी त्यातून चाळीस-पंचेचाळीस अँपिअर-तासांची भर पडते. चातुर्मासात महाराजांच्या दर्शनासाठी प्रवास केल्यास ढगांमुळे त्याच्या निम्मीही पडत नाही, हे गृहीत धरून चालावे. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी महाग, पण शंभरापैकी ऐंशी-नव्वद वापरता येतात आणि वजन निम्म्याहून कमी. ती घेतल्यास मात्र साधा रिले चालत नाही, इंजिनाकडून भरण्यासाठी वेगळा डीसी चार्जर लागतो. ट्यूब्युलर घेतल्यास ती पलंगाखाली बंद पेटीत कोंडू नये. भरताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो. पेटीला गाडीबाहेर उघडणारी नळी हवी.

एवढे झाल्यावर टीव्ही निवडणे सोपे आहे.

आकार चोवीस इंच. पलंगावरून पडद्यापर्यंतचे अंतर या गाडीत पाच ते सहा फूट असेल. त्या अंतराला चोवीस इंच पुरेसे आहेत. सासूबाईंची नजर अधू असल्यास फार तर बत्तीस. त्याला विजेचा हिशेब पुन्हा मांडावा लागेल.

पडद्याची जात विचारून घ्यावी. काही स्वस्त पडदे समोरून उत्तम दिसतात, पण खालून पाहिले की काळवंडतात. आडवे होऊन पाहणाऱ्या वृद्धाला नेमके खालूनच पाहावे लागते. आयपीएस प्रकारच्या पडद्यात हा दोष फार कमी असतो. दुकानात त्याची परीक्षा सोपी आहे: संच टेबलावर ठेवायला सांगावा आणि आपण खाली वाकून पाहावे. दुकानदार हसला तर हसू द्यावा.

संचाच्या पाठीवरची चिकटपट्टी वाचावी. तिच्यावर ‘डीसी १२ व्होल्ट’ असे असेल, किंवा संचासोबत बारा व्होल्टचा बाहेरचा अडॅप्टर येत असेल, तर तो गाडीला योग्य. सौरदिव्यांची सामग्री विकणाऱ्या दुकानांत असे संच मिळतात. केवळ दोनशेतीस व्होल्टचा संच असेल तर इन्व्हर्टर अटळ, आणि तोही शुद्ध साइन वेव्हचा घ्यावा लागतो. स्वस्त इन्व्हर्टरच्या खडबडीत विजेने संच गुणगुणतो आणि पडद्यावर रेघा उमटतात.

स्मार्ट की साधा? घरासाठी मी स्मार्टच सुचविले असते. येथे साधा. कुरखेडा गावात मोबाइलला संकेत मिळतो, पण गाव सोडून रानात शिरले की त्याचा भरवसा नाही. शिवाय स्मार्ट संच विजेपासून तोडला की प्रत्येक वेळी सुरू व्हायला वेळ घेतो, मध्येच काहीतरी अद्ययावत करावयाचे आहे म्हणतो, आणि दर वर्षी त्याचे पहिले पान बदलते. ज्यांना कालची गोष्ट आठवत नाही त्यांच्यासमोर रोज वेगळा पडदा का आणावा? बटण दाबले की तीच वाहिनी, तोच आवाज. रिमोटवरची न लागणारी बटणे जाड चिकटपट्टीने झाकून टाकावीत. घरच्या संचाचा रिमोट आणि गाडीतील रिमोट दिसायला सारखे असतील तर फारच उत्तम. पत्रलेखिकेने घरच्या टीव्हीची कंपनी कळविलेली नाही, पण चोवीस इंची संच त्याच कंपनीचा मिळाला तर मी थोडे अधिक पैसे मोजीन.

आता जोडणी. टेम्पो ट्रॅव्हलरसारख्या गाड्यांत बारा व्होल्टची व्यवस्था असते. मोठ्या बस-ट्रकांत चोवीसची. पण ‘बारा’ हे नावाला. बॅटरी उतरली की अकरा-साडेअकरा, इंजिन चालू असताना चौदाच्याही पुढे. टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स यांना नेमके बारा हवेत. म्हणून बॅटरी आणि संच यांच्यामध्ये व्होल्टेज स्थिर ठेवणारा डीसी कन्व्हर्टर बसवावा; कमी असेल तर वाढविणारा आणि जास्त असेल तर घटविणारा, असा दोन्हीकडे काम करणारा. तो लहान डबीएवढा असतो. त्यावर पैसे वाचवून संच जाळून घेतल्याची उदाहरणे पुष्कळ.

तार अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची घ्यावी. बॅटरीपासून पाच मीटरवर संच असेल आणि तीन अँपिअर वाहत असतील तर जाऊन-येऊन दहा मीटर तारेत पाव व्होल्टहून कमी घट येते. एक चौरस मिलिमीटरची बारीक तार घातली तर अर्ध्या व्होल्टहून अधिक वाया जाते, आणि बारा व्होल्टांत अर्धा व्होल्ट ही लहान गोष्ट नव्हे. पाच अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या टोकाला लावावा, टीव्हीच्या टोकाला नव्हे. फ्यूज टीव्हीपेक्षा तारेच्या रक्षणासाठी असतो. मध्ये कोठे पत्र्याच्या धारेवर तार घासून उघडी पडली तर आग तेथूनच सुरू होते. ज्या ज्या भोकातून तार जाईल तेथे रबरी कडी हवी. आणि टीव्हीसाठी एक वेगळे बटण ठेवून झोपताना ते बंद करावे. रिमोटने बंद केलेला संच आणि जागा राहिलेला बॉक्स रात्रभर थोडी थोडी वीज पीत राहतात.

बसविण्याची जागा हा या साऱ्या प्रकरणातील सर्वांत गंभीर भाग आहे. साठ किलोमीटर वेगाची गाडी धडकेत सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली तर आतील प्रत्येक सुट्या वस्तूवर तिच्या वजनाच्या सुमारे सतरा पट ओढ येते. तीन किलोचा चोवीस इंची संच त्या क्षणी पन्नास किलोचा होतो. आठ किलोचा मोठा संच सव्वाशेच्याही पुढे जातो. तो कोणाच्या उशाशी टांगला आहे हे आधी पाहावे.

पलंगाच्या डोक्याकडे वा पायथ्याशी उंच, अशी जागा सुतार नेहमी सुचवितो. मला ती पसंत नाही. चालकाच्या मागे जी आडवी भिंत असते तिच्यावर, तोंड मागील बाजूस करून, बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला संच लावावा. तेथून चालकाला पडदा दिसत नाही. आणि गाडी पुढच्या बाजूने धडकली तर संच पुढे, म्हणजे भिंतीवरच दाबला जातो. माणसांवर उडून येत नाही.

आतील सजावटीचे प्लायवुड पातळ असते. त्यात नुसते स्क्रू पिळून लावलेला स्टँड कुरखेडा-वडसा रस्त्यावरच्या पहिल्याच आठवड्यात सैल होईल. प्लायवुडमागील लोखंडी खांब शोधावे, त्यांना आरपार बोल्टने एक जाड फळी किंवा ॲल्युमिनियमची पट्टी घट्ट करावी आणि तिच्यावर संचाचा आधार लावावा. नट आतून नायलॉनची कडी असलेले घ्यावेत. हादऱ्यांनी ते सुटत नाहीत. संचाच्या पाठीला चार भोके ठरावीक अंतरावर असतात, बहुधा पंचाहत्तर किंवा शंभर मिलिमीटर. आधार त्याच मापाचा आणावा. लांब बाहीचा, हवा तसा वळणारा आधार घरात छान दिसतो, गाडीत तो तरफेसारखा हलत राहतो. भिंतीलगतचा आखूड आधार घ्यावा, थोडा खाली झुकवता आला म्हणजे झाले.

रस्ता फारच खराब असेल त्या दिवशी संच काढून, गोधडीत गुंडाळून, दोन गाद्यांच्या मध्ये उभा ठेवावा. आडवा निजवून वर काही ठेवू नये.

गाडीतील पलंग, आसने यांच्याबद्दल एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. नोंदणी-पुस्तकातील तपशील बदलतील असे फेरफार मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार परवानगीवाचून करता येत नाहीत. टीव्हीने आसनसंख्या बदलत नाही, पण आसने काढल्याने बदलते. ते काम झाले नसेल तर यात्रेपूर्वी परिवहन कार्यालयात जाऊन करून घ्यावे. राज्याने २०२१ साली कॅरॅव्हान पर्यटनाचे धोरण स्वीकारल्यापासून अशा गाड्या अधिकाऱ्यांना अगदीच अपरिचित राहिलेल्या नाहीत.

आता बातम्या पडद्यावर आणावयाच्या कोठून? छपरावरची जुनी मासोळीसारखी अँटेना विसरावी. दूरदर्शनची जमिनीवरून होणारी जुन्या पद्धतीची प्रक्षेपणे बहुतेक सर्वत्र बंद झाली आहेत. डीडी फ्री डिश हा आपल्या कामाचा मार्ग. २००४ पासून ती सेवा चालू आहे, मासिक वर्गणी नाही, आणि सह्याद्री वाहिनी तीवर दिसते. गाडी महिनाभर उभी राहिली तरी रिचार्ज वाया जात नाही.

ही वाहिनी पूर्व रेखांश साडेत्र्याण्णव अंशांवरील जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते. कुरखेड्याहून पाहिले तर तो उपग्रह दक्षिणेपासून पूर्वेकडे सुमारे चौतीस अंशांवर आणि क्षितिजापासून साठ-एकसष्ट अंश उंच आहे. हे आकडे पाठ करावे लागत नाहीत. गावातील कोणत्याही घराच्या छपरावर फ्री डिशची डिश पाहावी. तिचे तोंड जिकडे, तिकडेच आपले. मुक्तागिरीला गेल्यावर थोडा फरक पडेल, शिरपूरला आणखी थोडा, पण दिशा आग्नेय-दक्षिणच राहील. एका गोष्टीने नवखे लोक गोंधळतात. आपल्याकडची लहान डिश उपग्रहाकडे सरळ तोंड करून बसत नाही. तिचा आकारच असा असतो की ती प्रत्यक्षाहून वीस-पंचवीस अंश खाली पाहत असल्यासारखी दिसते. तिला उगाच आकाशाकडे उताणी करू नये.

झाडांचे काय? साग, ऐन, मोह यांच्या दाट पानांतून हे संकेत पार होत नाहीत. उपग्रह उंचावर असल्यामुळे मात्र आपली सोय होते. पंधरा मीटर उंच झाड त्या दिशेला असेल तर डिश त्याच्या शेंड्याखालून आठ-नऊ मीटर दूर ठेवली की पुरे. म्हणजे गाडी सावलीत आणि डिश उन्हात, ही व्यवस्था शक्य आहे. त्यासाठीच मी डिश छतावर कायमची बसवू नये असे म्हणतो. छताला भोके पाडली की पहिल्याच पावसात पाणी झिरपते. शिवाय रानातील रस्त्यावर खाली आलेल्या फांद्या ती डिश ठेवतील असे नाही. साठ सेंटिमीटरची डिश एका तिपाईवर, पायाशी दगड किंवा पाण्याचे डबे ठेवून, आणि पंधरा मीटर केबल गुंडाळीत. केबल गाडीत शिरण्यापूर्वी तिला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पावसाचे थेंब झोळावरून गळून पडतील, आत येणार नाहीत. मोबाइलमधील होकायंत्र गाडीजवळ धरू नये. पत्र्यामुळे ते खोटी दिशा दाखविते. दहा पावले दूर जाऊन पाहावे.

आणि हे सारे सूर्यास्तापूर्वी उरकावे. ब्रह्मपुरी-वडसा पट्ट्यात वाघांनी माणसांवर केलेले हल्ले वृत्तपत्रांतून आपण वाचतोच. २०२१ च्या ऑक्टोबरात छत्तीसगढकडून रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत उतरला, आणि मोहफुलाच्या दिवसांत त्यांची वाट कोठून जाईल हे सांगता येत नाही. अंधारात हातात विजेरी घेऊन, पाठ रानाकडे करून डिश फिरवीत उभे राहणे हे बातम्यांसाठी पत्करण्याचे धाडस नव्हे. मुक्कामच मुळी वस्तीत, धर्मशाळेच्या आवारात किंवा पेट्रोल पंपाच्या दिव्याखाली करावा. पोचल्याबरोबर डिश लावावी, चित्र आले की केबलला खूण करावी, मग जेवणाला बसावे.

जोराच्या पावसात चित्र गोठते. त्याला उपाय नाही, आणि अशाच संध्याकाळी सासरे अधिक बावरतील. म्हणून एक पेनड्राइव्ह तयार ठेवावी. त्यात त्यांना आवडणारी प्रवचने, भजने, नातवंडांच्या लग्नातील चित्रफिती भरून ठेवाव्यात. साधा टीव्ही त्या सहज वाजवितो. फक्त पेनड्राइव्ह जुन्या फॅट-३२ पद्धतीने तयार केली असेल तर चार जीबीहून मोठी एकसंध फाइल तीत मावत नाही, तुकडे करावे लागतात. आमच्या परिचयातील एका विस्मरणग्रस्त आजींना रोज तीच चित्रफीत रोज नवी वाटत असे. घरातील तरुणांना याचा कंटाळा येतो; येऊ द्यावा.

उन्हाची काळजी निराळी घ्यावी लागते. बहुतेक संच चाळीस अंशांपर्यंतच्या हवेत चालविण्यासाठी बनविलेले असतात. बंद गाडी दुपारी उभी राहिली की आतील उष्मा त्याच्या कितीतरी वर जातो. दारे-खिडक्या उघडून, पंखा लावून, गाडी निवल्यावरच संच सुरू करावा. खिडकीतून थेट ऊन पडद्यावर पडत असेल तर दिवसभर त्यावर पांढरा सुती कपडा टाकावा. पावसाळ्यात गारव्यातून दमट हवेत आणलेल्या संचावर दव धरते. तो कोरडा होईपर्यंत अर्धा तास थांबावे.

रानातील रात्री उजेडावर किडे झेपावतात, आणि उघड्या खिडकीतील टीव्ही हा गावातील सर्वांत मोठा दिवा ठरतो. आपल्या घरांत संध्याकाळी दिवा लावताना जी काळजी घेतली जाते तीच येथे घ्यावी. सर्व खिडक्यांना व दाराला बारीक जाळी हवी, आणि संच सुरू करण्यापूर्वी ती बंद झालेली असावी. पडद्याचा उजेड निम्म्यावर आणावा. डोळ्यांना ते बरे, किडे कमी येतात, आणि विजेचीही बचत होते. गडचिरोली जिल्ह्यात हिवतापाचे प्रमाण मोठे आहे, तेव्हा ही जाळी वृद्धांच्या प्रकृतीसाठीही आवश्यक समजावी. आवाजासाठी सासऱ्यांना तारेचा हेडफोन चालत असेल तर पाहावे. विस्मरण झालेल्या काही जणांना कानावर काही घातलेले खपत नाही. तसे असल्यास लहान स्पीकर उशीजवळ ठेवून आवाज कमी ठेवावा. धर्मशाळेच्या आवारात पलीकडे कोणी सामायिक करीत असेल.

निघण्यापूर्वी दोन रात्री ही गाडी घराच्या अंगणातच उभी करून त्यात झोपावे. सासऱ्यांना आधी त्या पलंगाची आणि त्या पडद्याची सवय होईल. फ्रीज, पंखे, दिवे, टीव्ही, सारे नेहमीसारखे चालवावे, आणि पहाटे इंजिन किंवा सौर चार्जर सुरू होण्यापूर्वी बॅटरीच्या टोकांवर मीटर लावून पाहावे. ट्यूब्युलर बॅटरी पूर्ण भरलेली असते तेव्हा साडेबाराच्या वर, बारा पूर्णांक सातच्या आसपास दाखविते. बारा पूर्णांक दोन म्हणजे निम्मी संपली. दुसऱ्या पहाटेचा आकडा त्याखाली गेला, तर टीव्हीचा वेळ अडीच तासांवरून दीड तासावर आणावा. फ्रीजला हात लावू नये.

हा आकडा आपण कळविलात तर पुढील अंकात उरलेल्या दोन प्रश्नांची, म्हणजे चार्जिंगच्या रिलेच्या मापाची आणि सौर पॅनेलच्या तारांची उत्तरे देता येतील.